सावित्रीबाईंचा दवाखाना

सातारा जिल्ह्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ पसरली. गरीब वस्त्यांतील रोग्यांचे फार हाल होऊ लागले. सावित्रीबाईंनी आपला डॉक्टर मुलगा यशवंत याला बोलावून घेतले. शहराबाहेर, हडपसरजवळ, त्यांनी दवाखाना सुरू केला.

पण अशक्त रोगी तेथपर्यंत येणार कसा? सावित्रीबाई स्वतः रोग्यांना घेऊन येत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून आणले. पुढे त्यांनाही प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज सातारा असो की सांगली, १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका विनामूल्य येते. मुलांनो, नुसता दवाखाना असून भागत नाही. रोग्याला तेथे वेळेवर पोहोचवणारे कोणीतरी हवे.