न दिसणाऱ्या अडचणीमागे उभी राहिलेली माणसं

अंध माणसाच्या हातातली पांढरी काठी लांबूनच दिसते आणि गर्दी आपसूक बाजूला होते. कर्णबधिर माणसाच्या वाट्याला हे येत नाही. मागून मारलेल्या हाकेला त्याने ओ दिली नाही, की लोक त्याला शिष्ट ठरवून मोकळे होतात. जी अडचण डोळ्यांना दिसतच नाही, तिच्यासाठी कुणी खिशात हात घालावा कसा? कर्णबधिरांच्या मदतीसाठी कुत्रे शिकवून देणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘हिअरिंग डॉग्ज फॉर डेफ पीपल’ या संस्थेच्या आश्रयदात्या राजकन्या अ‍ॅन आहेत, हे कळल्यावर ‘मोठ्यांचे शौक’ म्हणून नाक मुरडण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा. इथे प्रसिद्धी ही मिरवायची गोष्ट नसून कामाचंच एक अवजार आहे, असं माझं मत आहे.

संस्थेची सुरुवातच नाव असलेल्या माणसांनी केली. लेखक म्हणूनही परिचित असलेले पशुवैद्य ब्रूस फोगल आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश संसदेत खासदार असलेल्या बिअ‍ॅट्रिस राइट या दोघांनी ती उभारली. १९८२ साली ‘क्रफ्ट्स’ या गाजलेल्या श्वानप्रदर्शनात तिची घोषणा झाली. श्वानप्रेमींची एवढी गर्दी आणि एवढी वर्तमानपत्रं दुसरीकडे कुठे मिळणार? संस्थेने शिकवलेले कुत्रे भुंकून सूचना देत नाहीत. बहिऱ्या मालकाला भुंकण्याचा काय उपयोग! दाराची घंटा, गजर, बाळाचं रडणं ऐकू आलं की कुत्रा मालकाला नाकाने ढोसतो किंवा पंजा लावतो. मालकाने हाताने ‘काय झालं?’ अशी खूण केली, की आवाज येतोय तिथे त्याला घेऊन जातो. आगीचा भोंगा वाजला तर मात्र तिकडे न नेता जागीच आडवा पडतो. धोका आहे, हा त्याचा अर्थ. हे शिकवायला वर्ष-दोन वर्षं जातात, पिल्लं वाढवायला स्वयंसेवकांची घरं लागतात आणि हा सगळा खर्च मुख्यतः देणग्या व मृत्युपत्रांतून मिळणाऱ्या रकमांवर भागतो.

यावर आक्षेप असा, की मनगटाला थरथरून जागं करणारी घड्याळं आणि लुकलुकणारे दिवे स्वस्तात मिळत असताना कुत्रा कशाला? यंत्रं जरूर वापरावीत. पण बहिरेपणाचं खरं दुखणं चुकलेल्या घंटेपेक्षा एकटेपणाचं असतं. यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्रा मिळालेल्यांची तुलना प्रतीक्षायादीतल्यांशी केली, तेव्हा सहा महिन्यांत कुत्रा मिळालेल्यांचं मानसिक स्वास्थ्य अधिक चांगलं आढळलं. शिवाय अंगात मरून रंगाचं जॅकेट घातलेला कुत्रा शेजारी असला, की या माणसाला ऐकू येत नाही हे दुकानदाराला न सांगता कळतं. म्हणजे कुत्राच त्याची पांढरी काठी होतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे काम सरकारचं, ते राजघराण्याच्या मेहेरबानीवर का सोडायचं? खरं आहे, पण सरकारने निदान कायद्याची बाजू सांभाळली आहे. २०१० च्या समानता कायद्यानुसार असा कुत्रा सोबत आहे म्हणून टॅक्सीवाल्याने भाडं नाकारलं, तर त्याला हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कुत्रा वाढवायचे आणि शिकवायचे पैसे कायद्यातून येत नाहीत. फीत कापून गाडीत बसणारा पाहुणा मलाही नको. पण वर्षानुवर्षं एकाच संस्थेशी नाव बांधून घेणारी व्यक्ती देणगीदाराला त्या कामाची खात्री पटवते, ते जाहिरातीला जमत नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या किंवा लेकी-सुनांकडे तिकडे जाणाऱ्या मराठी वाचकांना एक विनंती. बसमध्ये असा जॅकेट घातलेला कुत्रा दिसला तर त्याला चुचकारू नका, खाऊ देऊ नका. तो कामावर असतो. बोलायचं असेल तर मालकाशी बोला, आणि तेही समोर उभं राहून, ओठ दिसतील असं.