वाकणारी, पण न फुगणारी नळी

शिळफाट्याहून महापेकडे येणारा रस्ता पारसिकच्या डोंगररांगेतून खाली उतरतो. महापे हा ठाणे खाडीलगतच्या मोठ्या औद्योगिक वसाहतीचा भाग असल्यामुळे या उतारावर वाहनांची वर्दळ फार. उतारावर चालकाला पुन्हा पुन्हा ब्रेक दाबावा लागतो. मोटारीत त्याच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचताना शेवटचा टप्पा करंगळीएवढ्या जाडीच्या एका रबरी नळीतून पार करतो. (मोठ्या ट्रक व बसगाड्यांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, आपण येथे मोटारीचा विचार करू.)

या ब्रेकमागील तत्त्व तुमच्या ओळखीचे आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा ब्लेझ पास्कल (१६२३-१६६२) याचा नियम. माल्कम लॉगहेड याने अमेरिकेत १९१७ साली अशा ब्रेकचे पेटंट घेतले आणि १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना ते बसवले गेले.

आता थोडे गणित करू. पायाने पेडलवर २०० न्यूटन बल लावले. पेडल ही एक तरफ आहे. तिने बल पाचपट केले, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १,००० न्यूटन बल पडेल. दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंमी धरा. द्रवातील दाब दर चौरस सेंमीला सुमारे ३३३ न्यूटन, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३३ पट झाला! चाकाजवळील दट्ट्याचे क्षेत्रफळ १८ चौरस सेंमी असेल, तर तेथे ६,००० न्यूटन बल मिळेल. बहुतेक मोटारींत बल वाढवणारा बूस्टरही असतो, त्यामुळे प्रत्यक्षातील दाब याहूनही जास्त असतो.

मग सगळीकडे पोलादी नळीच का वापरत नाहीत? चाक खड्ड्यात खालीवर होते, पुढची चाके तर वळतातही. पोलादी नळी अशी सतत वाकवली तर काही काळाने तुटेल. म्हणून चाकाजवळ रबरी नळी जोडतात. तिने चाकाबरोबर वाकावे, पण दाबाखाली फुगू नये, अशा दोन परस्परविरोधी अपेक्षा आपण तिच्याकडून करतो. त्यासाठी आतील रबरी नळीवर मजबूत धाग्यांची वीण घालून त्यावर पुन्हा रबराचे आवरण चढवतात. आतील छिद्र जेमतेम ३ मिमी असते.

फुगण्याने काय बिघडते? समजा, नळी ०.६ घन सेंमीने जास्त फुगली. तेवढा द्रव पुरवण्यासाठी मास्टर सिलिंडरचा दट्ट्या २ मिमी जास्त सरकला पाहिजे, म्हणजे पेडल १ सेंमी अधिक खाली जाईल. चालक म्हणतो, 'ब्रेक मऊ लागतोय.'

हे तुम्ही स्वतः करून पाहा. सुई नसलेल्या दोन सिरिंज घ्या. त्या सलाइनच्या नळीने जोडून, हवा राहू न देता पाण्याने भरा. एक दाबली की दुसरीचा दट्ट्या लगेच सरकतो. आता दुसरा दट्ट्या घट्ट धरून पहिला दाबा. तो जवळजवळ हलत नाही. नंतर सलाइनच्या नळीऐवजी सायकलच्या व्हॉल्व्हची मऊ रबरी नळी लावा. नळी फुगेल आणि पहिला दट्ट्या आत जाईल. शेवटी पाण्यात हवेचा एक बुडबुडा ठेवून पाहा. तेव्हाही दट्ट्या आत जाईल, कारण हवा सहज दाबली जाते.

नळी तपासतानाही याच दोन अपेक्षांची परीक्षा घ्यायची. नळी हलकेच वाकवून भेगा पाहाव्या. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांनी रबर तडकते. एकाने पेडल दाबून धरावे व दुसऱ्याने नळीवर फुगवटा किंवा ओल दिसते का ते पाहावे. चाके दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून नळी कोठे घासत वा ताणली जात नाही ना, हेही पाहावे. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत नळीच्या टोकांची धातूची जोडणी गंजते, तीही तपासावी.

एक दोष मात्र बाहेरून दिसत नाही. आतील रबर सुजले किंवा सुटले, तर ते एकमार्गी झडपेसारखे वागते. जोराने दाबलेला द्रव चाकाकडे जातो, पण परत येत नाही. पेडल सोडले तरी ब्रेक चिकटून राहतो, चाक तापते, गाडी एका बाजूला ओढते. 'ब्रेक ऑइल' हे नावही फसवे आहे. बहुतेक मोटारींतील हा द्रव खनिज तेल नसतो. त्यात चुकून इंजिनचे तेल पडले, तर आतील रबर सुजते.

नळी बदलणे हे जाणकार मेकॅनिकचे काम. पुढच्या दोन्ही नळ्या सहसा एकदमच बदलतात. नवी नळी पीळ न पडता बसवतात, जोडणीचे तांब्याचे वॉशर नवे घालतात आणि शेवटी द्रवातील सर्व हवा काढतात. हवा का काढायची, ते तुमच्या बुडबुड्याने दाखवलेच आहे.

आजच्या मोटारींत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक नळी फुटली तरी दुसरा मार्ग चालतो, पण जोर कमी पडतो. सपाट रस्त्यावर ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी ६ मी/से² मंदनाने १६ मीटरमध्ये थांबते. मंदन निम्मे झाले, तर ३२ मीटर लागतात, आणि उतारावर त्याहूनही जास्त. रस्ता ओलांडणारा मुलगा २० मीटरवर असेल, तर या फरकाचा अर्थ काय, हे सांगायला नको.

घरी डिस्क ब्रेकची मोटारसायकल असेल, तर ती उभी असताना हँडल दोन्हीकडे वळवून त्या नळीचे वाकणे पाहा. आणि एका प्रश्नाचा विचार करा: पाणीही दाबाने आकसत नाही, मग ब्रेकमध्ये पाणीच का भरत नाहीत?