प्रौढ विद्यार्थी कोणाचा? शाळेचा की कॉलेजचा?

समजा, लॉस एंजेलिसमधील एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात भांडी घासणारी, मेक्सिकोत सहावीपर्यंत शिकलेली चाळिशीची एक बाई आहे. तिला आधी इंग्रजी शिकायचे आहे. ते जमले की राहून गेलेले हायस्कूलचे प्रमाणपत्र मिळवायचे आहे आणि त्यानंतर रुग्णालयात परिचारिकेची मदतनीस म्हणून काम मिळवून देईल असा एखादा छोटा अभ्यासक्रम पुरा करायचा आहे. तिच्या दृष्टीने हा एकच सरळ रस्ता आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या दप्तरात मात्र तो दोन वेगवेगळ्या खात्यांच्या हद्दीतून जातो. एका हद्दीतून दुसरीत शिरताना तिला पुन्हा नावनोंदणी करावी लागते, बहुधा नवी चाचणी द्यावी लागते आणि आपण आजवर काय शिकलो ते नव्याने सांगावे लागते. दिवसभर राबून संध्याकाळी वर्गाला येणारी माणसे अशा ठिकाणीच गळतात.

शिक्षणाची गाडी अर्ध्यावर सुटलेल्या प्रौढांची जबाबदारी शाळांची की महाविद्यालयांची, हा वाद कॅलिफोर्नियात अनेक दशके जुना आहे. गेल्या काही वर्षांत त्यावर जो तोडगा काढण्यात आला तो पुरता यशस्वी नाही आणि पुरता फसलेलाही नाही. तो समजून घेण्यासाठी तेथील रचना थोडी उलगडावी लागेल. अमेरिकेतील ‘शालेय जिल्हा’ म्हणजे आपल्याकडील महसुली जिल्हा नव्हे. स्वतःचे निवडून आलेले मंडळ, स्वतःचा अर्थसंकल्प आणि स्वतःच्या शाळा असलेली ती एक स्वतंत्र स्थानिक संस्था असते. असे अनेक जिल्हे मुलांच्या शाळांबरोबर ‘प्रौढ शाळा’ही चालवितात. दुसऱ्या बाजूला कम्युनिटी कॉलेजांचे जिल्हे आहेत, तेही स्वतंत्र आणि निवडून आलेल्या मंडळांच्या हाताखालचे. ही कॉलेजे दोन वर्षांची पदवी देतात, व्यवसायशिक्षण देतात आणि ‘नॉन-क्रेडिट’ म्हणजे पदवीच्या श्रेयांकांत न मोजले जाणारे वर्गही चालवितात. गोंधळाचे मूळ या नॉन-क्रेडिट वर्गांत आहे, कारण तेथे जे शिकवले जाते तेच बहुतांशी प्रौढ शाळेतही शिकवले जाते.

एका घरातून दोन घरे

यांतील प्रौढ शाळा वयाने थोरली. सॅन फ्रान्सिस्कोच्या शिक्षण मंडळाने १८५६ साली एका चर्चच्या तळघरात संध्याकाळचे वर्ग सुरू केले. आयर्लंड, इटली आणि चीनमधून आलेल्या कष्टकऱ्यांना इंग्रजी शिकविणे हा त्यांचा हेतू होता. पुढे राज्याचे शिक्षणप्रमुख झालेले जॉन स्वेट तेथे शिकवीत असत. (जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली ती १८५५ साली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण काळाचे हे साम्य नजरेआड करवत नाही.)

कम्युनिटी कॉलेजचा जन्म शाळेच्याच पोटी झाला. बारावीनंतरचे वर्ग चालविण्याची परवानगी हायस्कुलांना १९०७ च्या कायद्याने मिळाली आणि १९१० मध्ये फ्रेस्नो येथे राज्यातील पहिले ज्युनियर कॉलेज सुरू झाले. कित्येक वर्षे दोहोंचा कारभार एकाच मंडळाकडे होता, त्यामुळे प्रौढ कोणाचे हा प्रश्न घरातल्या घरात सुटत असे. १९६० च्या ‘मास्टर प्लॅन’ने या कॉलेजांना उच्च शिक्षणाच्या पंक्तीत बसविले, १९६७ साली त्यांच्यासाठी राज्यपातळीवर स्वतंत्र नियामक मंडळ निर्माण झाले आणि घर वाटले गेले. वाटणीत प्रौढ शिक्षण कोणाच्या वाट्याला जावे याचा निवाडा मात्र कायद्याने केला नाही. ज्याने त्याने आपल्या गावी आपसांत ठरवावे, अशी मोकळीक देण्यात आली.

परिणामी प्रत्येक शहराने आपापली चूल मांडली. सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन दिएगो येथे हे काम कॉलेजांकडे गेले. लॉस एंजेलिसमध्ये ते मुख्यतः शालेय जिल्ह्याकडे राहिले आणि तेथील इव्हान्स प्रौढ शाळा इंग्रजी शिकविणाऱ्या देशातील सर्वांत मोठ्या शाळांपैकी एक बनली. अनेक ठिकाणी दोघेही शिकवू लागले, तर काही भागांत कोणीच पुरेसे शिकवेना.

एकाच शहरात दोघेही शिकवितात तेव्हा काय होते, हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजीचा प्राथमिक वर्ग प्रौढ शाळेत विनाशुल्क, कॉलेजच्या नॉन-क्रेडिट विभागातही विनाशुल्क. पण तोच विषय कॉलेजच्या क्रेडिट विभागात घेतला तर २०१२ पासून प्रत्येक श्रेयांकाला ४६ डॉलर मोजावे लागतात. प्रौढ शाळेतील शिक्षकाला राज्याचा अध्यापन परवाना लागतो. कॉलेजातील नॉन-क्रेडिट शिक्षकाला तो लागत नाही, तेथे किमान पात्रतेचे निकष वेगळे आहेत. त्यामुळे कॉलेजमध्ये वर्षानुवर्षे इंग्रजी शिकविलेला शिक्षक रस्त्यापलीकडच्या प्रौढ शाळेत तोच धडा देऊ शकेलच असे नाही. विद्यार्थ्याची ओळख पटविणारे क्रमांकही दोन्हीकडे वेगवेगळे. एका दाराने बाहेर पडलेली व्यक्ती दुसऱ्या दाराने आत आली की नाही, हे राज्याला अनेक वर्षे सांगता येत नव्हते. या बाबी क्षुल्लक वाटतील, पण समन्वयाच्या नावाने जे काही बोलले जाते ते शेवटी अशाच तपशिलांपाशी येऊन थांबते.

मंदीचा तडाखा

हा ढिसाळ कारभार तसाच चालत राहिला असता. २००८ च्या आर्थिक मंदीने त्याचे खांब हलविले. राज्याची तिजोरी रिकामी झाली तेव्हा फेब्रुवारी २००९ च्या अर्थसंकल्पात शालेय जिल्ह्यांना एक सवलत देण्यात आली. विशिष्ट कामांसाठी राखून ठेवलेली अनेक अनुदाने त्यांनी कोणत्याही शैक्षणिक कामाला वापरावीत, असे ठरले. त्या यादीत प्रौढ शिक्षणाचे अनुदानही होते.

पुढे काय घडले असेल हे ओळखायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही. मंडळाच्या बैठकीत एका बाजूला पहिलीच्या मुलांचा वर्ग आणि दुसऱ्या बाजूला स्थलांतरित मजुरांचा रात्रीचा वर्ग असताना कोणता वर्ग वाचणार? मुलांच्या पालकांना मत असते, स्थलांतरित मजुरांपैकी अनेकांना नसते. कागदोपत्री प्रौढ शिक्षणासाठी वर्षाला सुमारे ६३ कोटी डॉलर दाखविले जात होते. त्यांपैकी साधारण निम्मेच प्रौढांवर खर्च होऊ लागले. काही जिल्ह्यांनी आपल्या प्रौढ शाळा बंद केल्या. ओकलंडमध्ये कार्यक्रम नावापुरता उरला. २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या मंडळापुढे संपूर्ण प्रौढ शिक्षण विभाग गुंडाळण्याचा प्रस्ताव आला. विद्यार्थी आणि शिक्षक रस्त्यावर उतरले, अखेरीस विभाग वाचला, पण आकाराने बराच आक्रसून.

शालेय मंडळांना खलनायक ठरविणे सोपे आहे. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. ज्या कामाची जबाबदारी कायद्याने कोणावरच टाकलेली नव्हती, ते अडचणीच्या काळात सर्वांत आधी सुटले, इतकेच. त्या वेळी कॉलेजेही याच मंदीत होरपळत होती आणि त्यांनीही वर्गांना कात्री लावली होती. एका दारातून बाहेर पडलेल्यांना सामावून घेण्याइतकी जागा दुसऱ्या दारी नव्हती.

विलीनीकरण की सहकार?

राज्य विधिमंडळाला आर्थिक सल्ला देणाऱ्या विश्लेषक कार्यालयाने डिसेंबर २०१२ मध्ये या व्यवस्थेची सविस्तर चिकित्सा केली आणि शुल्क, चाचण्या, शिक्षकांची पात्रता व नोंदी यांतील विसंगतींवर बोट ठेवले. पाठोपाठ जानेवारी २०१३ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी एक रोखठोक प्रस्ताव मांडला. ३० कोटी डॉलर घ्यावेत आणि प्रौढ शिक्षणाची सारी जबाबदारी कम्युनिटी कॉलेजांकडे सोपवावी. एक मालक, एक हिशेब, भांडण संपले.

कागदावर हे नीटनेटके दिसते. विरोध मात्र जोरदार झाला आणि तो केवळ आपापल्या हद्दीचा मोह होता असे म्हणता येणार नाही. प्रौढ शाळा वस्तीत असते. ज्या शाळेत मूल जाते तिच्याच आवारात किंवा शेजारी आईचा इंग्रजीचा वर्ग भरतो. अक्षरओळखीपासून सुरुवात करणाऱ्या माणसाला शाळेची पायरी चढणे जमते, महाविद्यालयाच्या प्रचंड आवारात पाऊल टाकायला त्याचे मन धजत नाही. शिवाय सारी अंडी एका टोपलीत ठेवल्यास काय होते, याचा धडा त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोने दिला. तेथे प्रौढ शिक्षण बहुतांशी सिटी कॉलेजकडेच होते. जुलै २०१३ मध्ये त्या कॉलेजची मान्यता पुढील वर्षी काढून घेण्याचा निर्णय मान्यता देणाऱ्या आयोगाने जाहीर केला. प्रकरण न्यायालयात गेले, मान्यता टिकली आणि जानेवारी २०१७ मध्ये ती पूर्ववत झाली. मधल्या काळात विद्यार्थीसंख्या मात्र झपाट्याने घसरली होती. जेथे दुसरे दारच नाही, तेथे पहिल्या दाराला कुलूप लागण्याची नुसती आवई उठली तरी माणसे निघून जातात.

विधिमंडळाने विलीनीकरण नाकारले आणि २०१३ मध्ये मधला मार्ग काढला. अडीच कोटी डॉलर नियोजनासाठी देण्यात आले. प्रत्येक कम्युनिटी कॉलेज जिल्ह्याच्या परिसरातील शालेय जिल्हे आणि ते कॉलेज यांनी एकत्र बसून, आपल्या भागात कोणाला काय शिकायचे आहे, ते कोण शिकविते आणि कोठे खड्डा आहे, याचा आराखडा करावयाचा होता. दोन वर्षे शालेय जिल्ह्यांनी प्रौढ शिक्षणावरील खर्च आणखी कमी करू नये, असेही बंधन घालण्यात आले. आराखडे झाल्यावर २०१५ च्या कायद्याने ५० कोटी डॉलरचे वार्षिक अनुदान सुरू केले. पहिल्या वर्षी त्यातील मोठा वाटा तग धरून राहिलेल्या शालेय जिल्ह्यांना थेट देण्यात आला. त्यानंतर पैशाची वाटणी त्या-त्या भागातील संघाने करावी, अशी रचना झाली. आज राज्यात असे ७१ संघ आहेत.

या संघांची कार्यपद्धती आपल्याकडील सहकारी संस्थांची आठवण करून देणारी आहे. संघाच्या बैठका जाहीर असतात. प्रत्येक सदस्य संस्थेला प्रतिनिधित्व असते, मतदानाची पद्धत संघ स्वतः ठरवितो, दर तीन वर्षांनी आराखडा करावा लागतो. सबळ कारणाशिवाय एखाद्या सदस्याचे अनुदान गेल्या वर्षीपेक्षा कमी करता येत नाही. राज्यपातळीवर शिक्षण विभाग आणि कॉलेजांचे कुलपती कार्यालय मिळून देखरेख करतात. लॉस एंजेलिसच्या संघात तेथील अवाढव्य शालेय जिल्हा, नऊ कॉलेजांचा कॉलेज जिल्हा आणि बरबँक, कल्व्हर सिटी व माँटेबेलो हे छोटे जिल्हे एका टेबलाशी बसतात. सिलिकॉन व्हॅलीत, जेथे मराठी कुटुंबांची वस्ती लक्षणीय आहे, फूटहिल-डी अँझा कॉलेज जिल्हा आणि सनीव्हेल-क्युपर्टिनो परिसराचा फ्रीमाँट युनियन हायस्कूल जिल्हा यांचा असाच संघ आहे.

या व्यवस्थेत काही जणांचे नुकसानही झाले. २०१५ च्या कायद्याने अनुदानाला पात्र विषयांची यादी आखून दिली. त्यात मूलभूत शिक्षण व हायस्कूल प्रमाणपत्र, इंग्रजी व नागरिकत्वाचे वर्ग, अल्पमुदतीचे व्यवसायशिक्षण, अपंगांसाठीचे वर्ग, उमेदवारी, पुन्हा नोकरीत शिरू पाहणाऱ्यांची तयारी आणि मुलांच्या अभ्यासाला हातभार लावू पाहणाऱ्या पालकांसाठीचे शिक्षण यांचा समावेश झाला. ज्येष्ठांचे चित्रकला, संगीत किंवा व्यायामाचे वर्ग, जे पूर्वी अनेक प्रौढ शाळांचे वैभव होते, या पैशातून बाहेर पडले. टंचाईच्या काळात हा निर्णय समजण्यासारखा आहे. परंतु एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी तो वर्ग म्हणजे काय होते, हे अनुदानाच्या तक्त्यात मावत नाही.

भांडणाचे मुख्य कारण असलेला पैसा अजूनही समान पायावर आलेला नाही. कॉलेजला आपल्या नॉन-क्रेडिट वर्गांसाठी विद्यार्थ्यांच्या हजेरीनुसार राज्याकडून स्वतंत्र निधी मिळतो आणि संघाच्या अनुदानातील वाटा त्यावर वेगळा. प्रौढ शाळेची राज्याकडून येणारी मदार मात्र त्या अनुदानावरच असते. वर्गात दहा विद्यार्थी वाढले तर कॉलेजचे उत्पन्न वाढू शकते, प्रौढ शाळेचा फक्त खर्च. अनुदानाचे आकडेही मुख्यतः इतिहासाने ठरले आहेत. मंदीत ज्यांनी शाळा राखल्या त्यांना जास्त मिळाले, ज्या भागांत शाळा बुडाल्या तेथे गरज असूनही कमी. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच विश्लेषक कार्यालयाने पुन्हा अहवाल देऊन, दोन्ही संस्थांना विद्यार्थ्यामागे सारखा दर द्यावा आणि निधीचा काही भाग फलिताशी जोडावा, अशी शिफारस केली.

तपशिलांच्या पातळीवर काही गाठी सुटल्या आहेत. दोन्हीकडच्या नोंदी जुळवून पाहणारी सामाईक माहितीव्यवस्था उभी राहिली, त्यामुळे प्रौढ शाळेतून कॉलेजात किती जण पोहोचले याचा अंदाज येऊ लागला. अनेक संघांनी दोन्हीकडे ये-जा करणारे मार्गदर्शक नेमले. विद्यार्थ्याला नुसता पत्ता न देता त्याच्याबरोबर कॉलेजच्या खिडकीपर्यंत जाणे हेच त्यांचे काम. २०१९ मध्ये संमत झालेल्या कायद्याने तर प्रौढ शाळेत हायस्कूल प्रमाणपत्रासाठी शिकणाऱ्या व्यक्तीला त्याच वेळी कम्युनिटी कॉलेजचे काही अभ्यासक्रम घेण्याची वाट मोकळी केली. अल्पवयीन हायस्कूल विद्यार्थ्यांना ही सोय आधीपासून होती. प्रौढांना मात्र एक टप्पा संपेपर्यंत दुसऱ्याची वाट पाहावी लागे. लॉस एंजेलिसच्या त्या बाईला आता संध्याकाळी प्रौढ शाळेत प्रमाणपत्राचा अभ्यास आणि शनिवारी कॉलेजमध्ये रुग्णसेवेचा एखादा विषय असे दोन्ही साधता येईल. अर्थात तिच्या भागातील दोन्ही संस्थांनी तसा करार केलेला असला आणि शनिवारी उपाहारगृहातून सुटी मिळाली तर.