लॅपटॉप, हेडफोन आणि आवाजाची रुजुवात

चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई सर केल्यानंतर येथील चर्चमधल्या ज्या घंटा मराठ्यांनी देशावर नेल्या, त्यांपैकी नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर 1721 हे साल कोरलेले आहे. अशा एखाद्या घंटेचे ध्वनिमुद्रण लॅपटॉपला हेडफोन जोडून ऐकावे आणि टोल विरल्यानंतरचा क्षीण होत जाणारा नाद कोठवर कानी येतो व कोणत्या क्षणी यंत्राच्या खरखरीत बुडून जातो, इकडे लक्ष द्यावे. आवाज सुधारण्यासाठी पैसे खर्चावे की नाही, याचा निम्मा निवाडा तेथेच होतो.

आमच्या वसईतल्या गिरीज गावात लग्नातला ब्रास बँड आणि रविवारच्या मिस्सेतील गायनवृंद कानांवरून गेला नाही असा माणूस विरळा. प्रत्यक्ष वाद्याची ओळख असलेल्या अशा कानाला लॅपटॉपमधली तुतारी बोथट झाल्याचे चटकन जाणवते. मात्र दोष कोणाचा, याची चौकशी न करता ‘डॅक’ नावाची डबी मागवण्याची जी घाई होते, ती मला मंजूर नाही.

फाइलमधील आकड्यांचे विद्युत्-लहरींत रूपांतर करणारा परिवर्तक म्हणजे डॅक, आणि त्या लहरींना हेडफोन हलवण्याइतके बळ देणारा तो ॲम्प्लिफायर. ही दोन्ही लॅपटॉपमध्ये मुळातच असतात आणि त्यांची गुणवत्ताही आज अगदीच टाकाऊ नसते. परंतु प्रोसेसर, पंखा आणि चार्जिंगचे मंडल यांच्या शेजारी एकाच पट्टीवर त्यांचा मुक्काम असल्याने शेजाऱ्यांची कुजबुज गाण्यात मिसळते. माउस हलवताच कानात चरचर उमटली, तर मामला हाच समजावा. तेथे यूएसबीला जोडायची छोटी डबी खरोखर उपयोगी पडते.

चार्जर लावताच गुणगुण सुरू होत असेल आणि तो काढताच थांबत असेल, तर मात्र तपास भिंतीपर्यंत न्यावा. जुन्या घरांतून तीन भोकांचे सॉकेट दिमाखात बसवलेले असते, पण तिसरी तार जमिनीपर्यंत पोहोचवण्याची तजवीज कोणी केलेलीच नसते; लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात ठेवल्यास मुंग्या येतात त्या बहुधा यामुळेच. अशा ठिकाणी नवी डबी घेण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे, कारण हे काम केवळ गाण्यापुरते नाही, सुरक्षिततेचेही आहे.

बळाचा प्रश्न निराळा. बहुतेक साधे हेडफोन 16 ते 32 ओम अवरोधाचे असतात आणि लॅपटॉप त्यांना सहज चालवतो. परंतु सेनहायझरच्या एचडी 600 सारखे 300 ओमचे हेडफोन जोडले, म्हणजे आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सरकवूनही गाणे दूर राहते. तेथे अधिक व्होल्ट देणारा स्वतंत्र ॲम्प्लिफायर हवा. उलट, कमी ओमच्या इयरफोनला अधिक बळ नको असते, तर उगमाचा, म्हणजे लॅपटॉपचा किंवा डबीचा, स्वतःचा अवरोध अल्प हवा असतो. तो हेडफोनच्या अवरोधाच्या अष्टमांशाहून अधिक नसावा, म्हणजे 32 ओमला 4 ओम, असा जाणकारांचा ढोबळ दंडक आहे. ब्लूटूथ वापरणाऱ्याने तर या खर्चात पडूच नये, कारण त्याचा डॅक हेडफोनच्याच पोटात असतो.

डॅकच्या खोक्यावर नमुन्यांचा दर 384 किलोहर्ट्झ असे ठसठशीत छापलेले असते. मनुष्याचा कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो, वय वाढते तसा त्याहूनही कमी. आणि सीडीच्या सेकंदाला 44,100 नमुन्यांत एवढा सगळा पल्ला सामावतो. जुन्या गाण्यांना तर एवढाही पल्ला लागत नाही. विद्युत्-मुद्रण 1925 च्या सुमारास आले. त्यापूर्वी कर्ण्यासमोर गाऊन भरलेल्या नाट्यपदांच्या तबकड्यांत तर 5,000 हर्ट्झच्या वरचे फारसे काही उतरलेलेच नाही; जे मुद्रित झालेच नाही, ते कोणत्याही किमतीचे यंत्र कोठून आणणार?

माझे मत विचाराल तर खर्चाचा मोठा वाटा हेडफोनवरच टाकावा. ऐकू येण्याजोगा खरा फरक तेथे पडतो, आणि डॅकसाठी किल्ल्यांच्या जुडग्यात मावेल अशी स्वस्त डबी बहुतेकांना पुरते. त्यातही उघड्या पाठीचे हेडफोन घरातल्या निवांत खोलीसाठी घ्यावेत. वसई रोडहून रोज लोकलने जाणाऱ्याच्या ते कामाचे नाहीत, त्याने बंद पाठीचेच घ्यावेत. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर खरेदीस जाल, तर आपला लॅपटॉप, आपले हेडफोन आणि परिचयाची दोन ध्वनिमुद्रणे सोबत न्यावीत. दोन यंत्रांची तुलना करण्यापूर्वी दोहोंचा आवाज सारख्याच पातळीवर आणून ठेवण्याचा आग्रह धरावा; कारण किंचित मोठा आवाज मनुष्याला सहसा अधिक सुरेल भासतो, आणि महाग यंत्राची पट्टी तेवढी एक रेघ वर सरकवून ठेवणे विक्रेत्याला मुळीच जड जात नाही.