ट्रॅक्टर दोषनिदान : शक्तिप्रेषण व द्रवचालित यंत्रणा

ट्रॅक्टर दोषनिदान : वापरलेल्या ट्रॅक्टरच्या एंजिनाकडून मागील चाकांकडे शक्ती नेणाऱ्या यंत्रणेत (क्लच, दंतचक्रपेटी, विभेदी दंतचक्रे व मागील आस) आणि अवजारे उचलणाऱ्या द्रवचालित यंत्रणेत उद्‌भवणाऱ्या बिघाडांचे मूळ बाह्य लक्षणांवरून शोधण्याची पद्धती. एंजिनातील बिघाड धूर, आवाज व तापमान यांवरून लवकर कळून येतो. वरील दोन यंत्रणा मात्र बिडाच्या बंद कवचात असतात आणि त्यांपर्यंत पोहोचण्यासाठी पुष्कळदा ट्रॅक्टर मधोमध सोडवून त्याचे दोन भाग करावे लागतात. हंगामात असे काम निघाल्यास मजुरीच्या खर्चापेक्षा पेरणीचे गेलेले दिवसच अधिक महाग पडतात. त्यामुळे कवच उघडण्यापूर्वीच दोषाचे स्थान शक्य तितके निश्चित करणे हे निदानाचे मुख्य प्रयोजन असते.

या दोन यंत्रणांचा विचार एकत्र करावा लागतो, याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) या आयरिश अभियंत्यांनी नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडून त्याची खोली तेलाच्या दाबाने आपोआप नियंत्रित करण्याची पद्धती विकसित केली व तिच्या पेटंटसाठी १९२५ मध्ये अर्ज केला. फोर्ड ९ एन (१९३९), फर्ग्युसन टीई-२० (१९४६) व त्यानंतरचा ३५ (१९५६) या ट्रॅक्टरांत तेलाचा पंप मागील कवचातच बुडालेला असतो आणि त्याला गती क्लचमार्फत मिळते. दंतचक्रांचे वंगण आणि पंपाचे तेल एकच असते. मद्रास (आता चेन्नई) येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट (टाफे) या कंपनीने मॅसी-फर्ग्युसन ट्रॅक्टरांचे उत्पादन भारतात केल्यामुळे ही रचना महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्याही परिचयाची झाली. पुढील विवेचन प्रामुख्याने याच रचनेला लागू आहे. पंप थेट एंजिनावर बसविलेल्या ट्रॅक्टरांत क्लचसंबंधीच्या कसोट्या अर्थातच निरुपयोगी ठरतात.

तेलाची तपासणी : कोणत्याही निदानाचा आरंभ तेलापासून करावा. मापपट्टीवर तेल कमी आढळल्यास पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, भुजा धक्के देत उचलल्या जातात व पंप करकरतो. असा पंप दुरुस्तीला काढणे व्यर्थ होय. तेल दुधासारखे पांढुरके झाले असल्यास त्यात पाणी शिरले आहे. पाणी शिरण्याची नेहमीची वाट म्हणजे गिअर दांड्याच्या बुडाशी असलेले फाटके रबरी आवरण. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरांत हा दोष सर्रास आढळतो. पाण्यामुळे नियंत्रक झडप गंजून अडकते आणि लिफ्ट एक तर वर जात नाही किंवा वर गेल्यावर खाली येत नाही. तळाची चक्ती काढल्यावर थोडा बारीक पोलादी चुरा निघणे जुन्या यंत्रात स्वाभाविक आहे. दाताचे तुकडे किंवा धारव्याच्या पिंजऱ्याचे पत्रे निघाल्यास मात्र पेटी उघडण्यावाचून गत्यंतर नसते. विक्रीपूर्वी जाड तेल भरून दंतचक्रांचा आवाज दाबण्याची युक्ती जुनी आहे. नुकतेच भरलेले स्वच्छ तेल ही म्हणूनच नेहमीच समाधानाची गोष्ट नसते.

क्लच : टीई-२० मध्ये क्लच दाबताच चाकांबरोबर पंपही थांबतो. तसेच शक्तिनिर्गम दंडाचा (पीटीओचा) दांडा जोडलेला नसल्यास लिफ्ट मुळीच चालत नाही. केवळ यामुळे ‘बिघडलेले’ ट्रॅक्टर अनेकदा कारखान्यात पोहोचतात. ३५ च्या काही प्रकारांत दुहेरी क्लच असतो. पायदाब अर्धा दाबल्यास चाके थांबतात, पूर्ण दाबल्यास शक्तिनिर्गम दंड व पंपही थांबतात. एकेरी क्लच असलेल्या ट्रॅक्टरची लिफ्ट जड अवजार नीट उचलत असेल पण चाके मुळीच फिरत नसतील, तर दोष क्लचच्या पुढे, म्हणजे दंतचक्रपेटीत किंवा मागील आसात शोधावा. दुहेरी क्लचमध्ये हा निष्कर्ष काढता येत नाही, कारण तेथे चाकांची तबकडी वेगळी असते व तीच झिजलेली असू शकते.

क्लचच्या कवचाखालील छिद्रातून तेल ठिबकत असल्यास त्याचा रंग पाहावा. काळे तेल एंजिनाच्या मागील मोहोरबंदातून आलेले असते, फिकट तेल दंतचक्रपेटीकडून. दोहोंचाही परिणाम तबकडी घसरण्यात होतो.

दंतचक्रपेटी : गिअर टाकताना घरघर होते, ती बहुधा दंतचक्रांमुळे नसून क्लच पूर्ण न सुटल्यामुळे होते, प्रथम पायदाबाची मोकळी चाल पुस्तिकेप्रमाणे जुळवावी. गिअर भाराखाली आपोआप निसटणे हे अधिक गंभीर लक्षण आहे. अडक-गोळीची स्प्रिंग, निवडक चिमटा किंवा दातांच्या गोलावलेल्या कडा ही त्याची कारणे होत. ट्रॅक्टर उभा असता, गिअर न टाकता ऐकू येणारा आणि क्लच दाबताच थांबणारा आवाज आदान दंडाच्या धारव्यांचा असतो. उलट क्लच दाबल्यावरच सुरू होणारा आवाज क्लचच्या मोचक धारव्याचा. एकाच गिअरमध्ये येणारा आवाज त्या जोडीच्या दातांचा, सर्व गिअरांत चालताना येणारा आवाज मागील आसातील मोठ्या दंतचक्राचा, तर केवळ वळताना येणारा विभेदी दंतचक्रांचा समजावा.

लिफ्ट : फर्ग्युसन पद्धतीतील सिलिंडर एकक्रियी असतो, तेल भुजा वर नेते व अवजाराचे वजन त्या खाली आणते. बाह्य कारणे आधी पाहावीत. वरच्या दुव्यामागील नियंत्रक स्प्रिंग हाताने सैल हलत असेल, तर नांगरताना खोली सतत कमीजास्त होते. दोन दांडे असलेल्या ट्रॅक्टरांत एकाची जागा चुकल्यास दुसरा निष्प्रभ ठरतो. यानंतर अर्धा तास काम करून तेल तापू द्यावे आणि जड अवजार उचलून एंजिन बंद करावे. थंड तेलावर घेतलेली परीक्षा फसवी असते. झिजलेला पंपही जाड तेलाने भार उचलतो. भार टिकून राहतो पण मुळात उचललाच कष्टाने जातो, असे असल्यास पंप, त्याची निमुळती झालेली आवक किंवा कमी दाबाला उघडणारी सुरक्षा झडप यांकडे संशय जातो. भार भराभर खाली येत असल्यास तेल सिलिंडराच्या बाजूने गळते. एंजिन चालू असता वर उचललेल्या भुजा मिनिटागणिक डुलतात, हेही त्याच गळतीचे लक्षण. गळलेले तेल पंप पुनःपुन्हा भरून काढत असतो. अशा वेळी कवचाच्या बाजूचे झाकण काढून विजेरीने पाहिल्यास तेल दट्ट्याच्या कड्यांतून, उभ्या नळीच्या रबरी कड्यातून की झडपेतून येते, हे ट्रॅक्टर न फोडताही समजते.

ट्रॉली उलटविण्यासाठी याच कवचातील तेल बाहेर नेले जाते. इतरांच्या ट्रॉलीबरोबर निराळे व मळके तेल आत येते आणि एकाची घाण दुसऱ्याच्या पंपात जाते. ट्रॉली वर गेलेली असताना घटलेली पातळी पाहून तेल भरल्यास ती खाली आल्यावर ते अतिरिक्त होते आणि आसाच्या मोहोरबंदातून ब्रेकवर उतरते. लिफ्टच्या या चुकीने प्रत्यक्षात ब्रेक निकामी होतो.

दक्षता : उचललेल्या अवजाराखाली किंवा ट्रॉलीखाली केवळ तेलाच्या दाबाच्या भरवशावर कधीही शिरू नये, अडकलेली झडप मोकळी होताच भार क्षणात कोसळतो. नळी सोडविण्यापूर्वी भार जमिनीवर टेकवावा. तो खाली येत नसेल, तर दणकट टेकू द्यावा. बारीक छिद्रातून सुटणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी तातडीची शस्त्रक्रिया लागते. गळती हाताने न चाचपता पुठ्ठ्याने शोधावी.

दुरुस्तीनंतर भरावयाचे तेल उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच असावे. ब्रेक तेलात बुडालेले असलेल्या नंतरच्या ट्रॅक्टरांत विशिष्ट पूरके नसलेले तेल वापरल्यास ब्रेक थरथरतात व आवाज करतात, आणि तो आवाज विभेदी दंतचक्रांचा समजून आस उघडला जातो.