इंग्रजीत शब्द लाखो, मग पाठ किती करायचे?

'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या २० खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत (१९८९) वापरातल्या १,७१,४७६ शब्दांच्या नोंदी आहेत. कालबाह्य ठरलेले ४७,१५६ शब्द वेगळेच. आकडा पाहूनच इंग्रजी शिकणारा धास्तावतो.

पण ऑक्सफर्डनेच शंभर कोटींहून अधिक शब्दांचा मजकूर तपासला, तेव्हा वेगळे चित्र दिसले. 'गो', 'वेन्ट', 'गॉन' हा एकच शब्द धरला, तर निम्मा मजकूर अवघ्या १०० शब्दांचा आणि ७५ टक्के मजकूर १,००० शब्दांचा असतो.

मात्र मेख इथेच आहे. 'द', 'बी', 'ऑफ' यांसारख्या शब्दांनी वाक्य उभे राहते, विषय कळत नाही. ९० टक्क्यांपर्यंत पोहोचायला ७,००० शब्द लागतात. म्हणून आधी नेहमीचे हजार शब्द पक्के करावेत. अवघड शब्दांच्या याद्या नंतर.