पावसाचा हिशेब ठेवणारे यंत्र

शाळेच्या आवारात किती पाऊस पडला, हे रात्रंदिवस मोजणारे, आकडा दाखविणारे व जपून ठेवणारे छोटे यंत्र हौशी विद्यार्थ्यास घरी तयार करता येते. मात्र आवाराच्या कोपऱ्यात विजेची तार नसते. जूनमध्ये बसविलेल्या घटांवरच यंत्राला सप्टेंबरअखेर तग धरावयाचा असतो. मध्येच घट संपले, तर त्या रात्रीचा पाऊस पुन्हा मोजता येत नाही. म्हणून प्रत्येक भाग निवडताना तो किती वीज खातो, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

हिशेब सोपा आहे. घटावर '२००० मिलिअँपिअर-तास' असे छापलेले असेल, तर तो १ मिलिअँपिअर प्रवाह सुमारे २००० तास, आणि १०० मिलिअँपिअर प्रवाह अवघे २० तास पुरवितो. असे तीन घट एकापुढे एक जोडले, तरी दाब तेवढा तिप्पट होतो. तास वाढत नाहीत.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक २०१२ साली इंग्लंडातून बाजारात आला. तो गुणी खरा, पण त्याचे लहानात लहान रूपही स्वस्थ बसलेले असताना शंभराच्या आसपास मिलिअँपिअर घेते. पन्हळीतले थेंब मोजण्यासाठी हत्ती बांधावा, तसा हा प्रकार होईल. येथे मायक्रोकंट्रोलर हवा. ही चिप काम नसताना गाढ झोपते आणि झोपेत मिलिअँपिअरचा शंभरावा भाग एवढ्यावर भागविते.

तिला जागे कोण करणार? पाऊसच! पर्जन्यमापकात सी-सॉसारखी दोन इवलीशी पात्रे असतात. एक भरले की कलंडते व दुसरे वर येते. कलंडताना त्यावरील लोहचुंबक एका बारीक कळीजवळून जातो, कळ क्षणभर मिटते आणि चिप जागी होऊन मोजणीत एक मिळविते. दर कलंडण्यास ०.२ मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० मिलिमीटरच्या मुसळधार दिवशी तिला ५०० वेळा उठावे लागेल. पण प्रत्येक वेळी डोळ्याचे पाते लवण्याइतकेच.

आकडा दाखविण्यास लखलखणारे दिवे मोहक वाटतात, पण ते सतत वीज पितात. इलेक्ट्रॉनिक कागदाचे तसे नाही. त्याच्या सूक्ष्म कुप्यांत काळे व पांढरे कण असतात; विद्युत्दाबाने ते वरखाली सरकतात आणि दाब काढून घेतला तरी जागेवरच राहतात. वीज लागते ती केवळ आकडा बदलताना. तासातून एकदा बदलला तरी पुरे.

साठवणीबाबत मात्र सावध असावे. मेमरी कार्ड स्वस्त असते. परंतु लिहिताना ते बरीच वीज ओढते, आणि त्याच क्षणी घटांनी दगा दिला तर आधीची नोंदही बिघडू शकते. म्हणून क्षणोक्षणीची मोजणी एफ-रॅम नावाच्या चिपमध्ये ठेवावी. तीत लिहिण्यास वीज अत्यल्प लागते, व वीज गेली तरी आकडा पुसत नाही. कार्डावर उतरवून घेणे दिवसातून एकदा, सकाळी साडेआठला करावे. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही तेव्हाच पालटतो. त्यामुळे आपले आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात.

आता बेरीज करू. तासाला ५ सेकंद, ५० मिलिअँपिअर धरले, तर दिवसाचे सुमारे १.७ मिलिअँपिअर-तास होतात, झोपेचे ०.२४. दोन्ही मिळून २ देखील नाहीत! पावसाळा सहज निभावेल.

पण विकत आणलेल्या पट्टीवर बहुधा एक लाल दिवा असतो. पट्टी चालू आहे एवढेच तो सांगतो. तो २ मिलिअँपिअर घेत असेल, तर झोपलेल्या चिपच्या दोनशे पट वीज, दिवसाला ४८ मिलिअँपिअर-तास, तोच फस्त करील. मग १ जूनला बसविलेले घट ऐन आषाढात, चाळीस दिवसांच्या सुमारास, संपतील. तो दिवा आधी काढावा, आणि यंत्र बाहेर ठेवण्यापूर्वी झोपलेल्या स्थितीत मीटर जोडून प्रवाह मोजून पाहावा.